नॅव्हिगेशन टॉवरची ड्रॉइंग्ज कारणांसकट देणाऱ्या मिस्त्रीकाकांना आभारपत्र

प्रिय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार वि. वि.

अ‍ॅडव्हेंचर बाईकसाठी डॅशबोर्ड प्लेट आणि नॅव्हिगेशन टॉवर (हँडलसमोर फोन-जीपीएस धरणारा उभा सांगाडा) घरच्या घरी बनवणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून हे पत्र. तुम्ही तुमची ड्रॉइंग्ज आम्हाला दिलीत, तीही समासातल्या टिपांसकट. नुसती ड्रॉइंग देणारे भेटतात. हे भोक इथेच का, पत्रा एवढाच जाड का, हे लिहून देणारा विरळा. बाईक बदलली, फोन बदलला की मापं बदलावी लागतात. तेव्हा काय हलवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्या कारणांमुळेच कळतं. पत्र मुद्दाम जाहीर ठेवलं आहे. जे आता पत्रा कापायला बसतील, त्यांच्याही हाती तुमच्या टिपा पडाव्यात.

सगळ्यात मोठे आभार कंपनाच्या हिशोबासाठी. ब्रॅकेट मोडलं की लोक म्हणतात, वजन झेपलं नाही. फोन दोनशे ग्रॅमचा, जीपीएस त्याहून थोडा जड. एवढ्या वजनाने ३ मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मोडत नाही. त्याला मोडते ती थरथर. सिंगल सिलिंडर इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला १०० हादरे देतं, १२०० च्या आयडलला २०. या पट्ट्यात कुठेतरी ब्रॅकेटची स्वतःची कंपनसंख्या बसली, तर त्या आरपीएमला टोक जोरात फडफडू लागतं आणि बेंडपाशी केसासारखी बारीक रेघ उमटते. पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण लहान असला तरी पुरेशा फेऱ्या झाल्या की तडा जातोच.

म्हणून तुमचा पहिला आग्रह असतो टॉवर आखूड ठेवण्याचा. आधारापासून पुढे आलेली पट्टी ८० मिमीवरून १२० मिमी केली की तिचा ताठपणा तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो, कारण तो लांबीच्या घनाने घटतो. अशा वेळी लोक जाड पत्रा घेतात. ३ चा ४ मिमी केला तर ताठपणा सव्वादोन पटींच्या थोडा वर जातो, पण वजनही एक तृतीयांश वाढतं. तुमच्या ड्रॉइंगमध्ये मात्र पत्रा ३ मिमीचाच, फक्त ६० मिमी रुंद पट्टीच्या दोन्ही कडा खाली १५ मिमीपर्यंत वळवलेल्या. हिशोब मांडून पाहिला, तर त्या दोन कडांमुळे वाकण्याला होणारा विरोध सपाट पट्टीच्या पंचवीस पटींहून जास्त भरतो. अख्ख्या कामात याहून स्वस्तातली मजबुती दुसरी नाही.

रबरी डॅम्परबद्दलची टीपही तितकीच मोलाची. डॅम्पर लावला म्हणजे फोन सुरक्षित, हा समज सगळीकडे पसरलेला आहे. फोन आणि रबर यांची मिळून जी कंपनसंख्या होते, तिच्या साधारण १.४ पटींच्या वरच रबर हादरे कमी करतं. त्याखाली उलट वाढवतं. ती ३० हर्ट्झ असेल तर १८०० आरपीएमला फोन सर्वात जास्त नाचणार आणि खरा आराम २५०० च्या पुढे मिळणार. म्हणून हलक्या फोनला मऊ रबर लागतं. जड जीपीएससाठी घेतलेले कडक बॉबिन (दोन धातूच्या चकत्यांमधले रबरी ठोकळे) फोनखाली लावले तर नसल्यासारखेच. बॉबिन दाबात किंवा आडव्या सरकण्यात काम करतील असेच बसवायचे, ओढीत कधीच नाही. रबर धातूच्या चकतीपासून सुटलं तरी फोन रस्त्यावर पडू नये म्हणून मधून एक सैल बोल्ट किंवा तार हवीच. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलनेच सूचना काढली होती, की मोठ्या ताकदीच्या मोटरसायकल इंजिनांच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकसची यंत्रणा बिघडू शकते. म्हणजे डॅम्पर हवाच, पण मोजूनमापून निवडलेला.

आता बेंडिंग. अ‍ॅल्युमिनियमच्या प्रकारांत ६०६१-टी६ मजबूत म्हणून सगळे तोच मागतात आणि ब्रेकवर (पत्रा वळवायच्या यंत्रावर) वळवताना बाहेरच्या बाजूने तो फाटतो. वळवायच्या भागासाठी ५०५२-एच३२ घ्या, आणि ६०६१ फक्त सपाट प्लेटसाठी किंवा मिलिंग करून काढायच्या क्लॅम्पसाठी, हे तुम्ही ठळक अक्षरात लिहिलंत. ५०५२ चा ३ मिमी पत्रा ३ मिमी आतल्या त्रिज्येवर बिनधोक वळतो. सपाट माप काढायची तुमची रीत तर आता आमच्या सगळ्यांच्या वहीत आहे. बाहेरून ६० आणि ४० मिमीचा काटकोन हवा असेल तर पट्टी १०० मिमीची कापायची नाही. के-फॅक्टर (जाडीच्या किती भागावर पत्रा ना ताणला जातो ना दबतो, तो आकडा) ०.४२ धरला तर बेंडमध्ये ६.७ मिमी पत्रा जातो, आणि दोन बाहेरच्या मापांच्या बेरजेतून ५.३ वजा होतात. पट्टी ९४.७ मिमीची. तो के-फॅक्टरही आपल्या ब्रेकचा आणि आपल्या डायचा असावा. त्यासाठी त्याच पत्र्याचा १०० मिमीचा तुकडा आधी वळवायचा, व्हर्निअरने दोन्ही पाय मोजायचे आणि फरक टिपून ठेवायचा. हा तुकडा वळवायचा कंटाळा करणाऱ्याची एएमपीएसची, म्हणजे फोन-जीपीएस माउंटच्या ठरलेल्या मापाची, भोकं हमखास सरकतात.

भोकाची बेंडकडची कड बेंडच्या आतल्या पृष्ठापासून निदान जाडीच्या अडीच पट अधिक त्रिज्या, म्हणजे आपल्या पत्र्याला साडेदहा मिमी दूर हवी. भोक जवळ घेतलं तर वळवताना ते अंडाकृती होतं आणि पुढे तडा नेमका तिथूनच निघतो. दोन बेंड जिथे भेटतात त्या कोपऱ्यात कापण्याआधीच रिलीफचं, म्हणजे ताण मोकळा करणारं, गोल भोक पाडायचं. आणि कडा! लेझरने कापलेल्या कडेवरचे बारीक दात कानसीने काढायचे, मग पॉलिश पेपर कडेच्या लांबीच्या दिशेने फिरवायचा. आडवे ओरखडे राहिले तर प्रत्येक ओरखड्यातून तडा सुरू होऊ शकतो. बेंडची रेघ मारायलाही टोकदार स्क्रायबर नको, मार्कर पेन वापरायचा, हे तुमच्यामुळे कळलं. हाताच्या पंजाएवढ्या पत्र्यावर एवढी बारकाई कशाला, असं बघणाऱ्याला वाटतं. हजारो किलोमीटर कच्च्या रस्त्यावर गेलेलं ब्रॅकेट भिंगाखाली धरलं की ती कशासाठी होती हे दिसतं.

आटे पाडण्याबद्दल थोडक्यात. ३ मिमी पत्र्यात एम५ चे (५ मिमी बोल्टचे) जेमतेम पावणेचार आटे बसतात, आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये ते दोन-तीनदा उघडझाक केली की निघून येतात. मागे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा) लावायचा. हात पोचत नसेल तिथे ७ मिमी भोकात एम५ चा रिव्हनट (रिव्हेटसारखा एका बाजूने बसवायचा नट). भोक ०.२ मिमीने मोठं झालं तरी रिव्हनट जागेवर फिरू लागतो, म्हणून शेवटचा ड्रिल नवा आणि धारदार हवा. निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) धातूवर उत्तम, पण पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसच्या डॅश कव्हरला लागलं तर प्लास्टिकला आतून भेगा पडतात, तिथे नायलॉकच. स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये जात असेल तर अँटी-सीझ (आटे अडकू न देणारं वंगण) लावल्याशिवाय बसवू नये. पाणी लागलं की दोन धातूंच्या जोडात अ‍ॅल्युमिनियम खाल्ला जाऊ लागतो आणि वर्षाने तो बोल्ट सुटत नाही. पावडर कोटिंगने भोकाचा व्यास ०.१ ते ०.२ मिमीने घटतो, ५.५ चं भोक ते सोसून घेतं, क्लॅम्पचा १२ मिमीचा बोर सोसत नाही, म्हणून तो झाकूनच कोटिंगला द्यायचा.

एएमपीएसची चार भोकं ३० बाय ३८ मिमीच्या चौकटीत ठेवली की बहुतेक जीपीएस, फोनचे क्रॅडल आणि बॉल माउंट बसतात, म्हणून प्लेट त्याच मापाची करायची आणि डिव्हाइस बदललं तरी टॉवर तोच ठेवायचा. क्लॅम्प जिला धरतो ती आडवी दांडी बऱ्याच बाईकवर १२ मिमीची असते, काहींवर वेगळी. कॅटलॉगवर भिस्त न ठेवता दांडी मोजायची. क्लॅम्पच्या दोन अर्ध्यांत बोल्ट आवळल्यावरही एक मिमीची फट उरली पाहिजे. फट मिटली असेल तर क्लॅम्प दांडीला धरत नाही, नुसता तिच्यावर टेकलेला असतो आणि पहिल्याच खड्ड्याला स्क्रीन पोटाकडे झुकते.

टॉवर हँडलबारवर घ्यायचा की फ्रेमवर, यावर तुमचं मत ठाम आहे आणि आम्हालाही ते पटलं आहे. जड स्क्रीन आणि रोडबुक होल्डर (रॅलीच्या मार्गाच्या कागदी गुंडाळीचा डबा) फ्रेमवर, फक्त बटणं हँडलबारवर. फ्रेमवरच्या टॉवरचं वजन स्टिअरिंगला जाणवत नाही, पण जागा कटाक्षाने तपासावी लागते. पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा साचा बांधायचा, पट्ट्याने ओढून पुढचा फोर्क पूर्ण दाबायचा आणि हँडल डावीकडच्या टोकापासून उजवीकडच्या टोकापर्यंत फिरवायचं. ब्रेकचा होज, क्लचची केबल, लिव्हरचं टोक, उंच मडगार्ड, सगळ्यांपासून १५ मिमी तरी मोकळे दिसले तरच पत्रा कापायचा. मग बसून एकदा, फुटपेगवर उभं राहून एकदा स्क्रीन बघायची. इंडिकेटर, न्यूट्रल आणि ऑइलचे दिवे झाकले गेले तर स्क्रीनची जागा बदलायची, दिव्यांची नाही. मूळ मीटर सरकवणाऱ्यांसाठी तुम्ही एक टीप दिलीत, जी आम्हाला दुसरीकडे कुठेच सापडली नाही: चावीच्या भोवतीची इमोबिलायझरची रिंग कुलपापासून लांब गेली की बाईक चालूच होत नाही. आणि पडल्यावर छाती-तोंड जिथे आपटेल त्या बाजूला कोपरे गोल आणि बोल्टची डोकी बसकी हवीत. ही टीप प्रत्येक ड्रॉइंगवर पुन्हा पुन्हा लिहिल्याबद्दल वेगळे आभार.

वायरिंगमध्ये तुमचा क्रम आम्ही आहे तसा ठेवला. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकावर. ८६ ला इग्निशनने चालू होणारी वायर, ८५ अर्थला, ८७ वरून चार्जरला ०.७५ चौरस मिमीची वायर. फ्यूज चार्जरपाशी ठेवला तर मधली वायर घासून फ्रेमला टेकल्यावर तो काही वाचवत नाही. कनेक्टरला कथलाचा डाग न देता क्रिंप करायचं (पकडीने दाबून बसवायचं), कारण कथील वायरच्या तारांत चढतं आणि ते जिथे संपतं तिथेच थरथरीने तारा तुटतात. स्टिअरिंग हेडपाशी हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) सैल वळसा ठेवायचा, झिप टाय करकचून आवळायचे नाहीत. जीपीएस सारखा सिग्नल गमावत असेल तर आधी यूएसबी चार्जर काढून बघायचा. हलक्या प्रतीच्या चार्जरचा विद्युत गोंगाट तो सिग्नल दाबतो. रिसीव्हरच्या वर कार्बन फायबरचं छप्पर केलं तरी तेच होतं.

थ्रीडी प्रिंटचे भाग उन्हात टिकावेत म्हणून एएसए प्लास्टिक वापरा, नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, एवढंच तुम्ही लिहिलंत आणि तेवढं पुरतं.

तुमच्या ड्रॉइंगमध्ये आम्ही एकच भर घातली आहे. टॉवरच्या उजव्या पायातलं वरचं भोक गोल न ठेवता ५.५ बाय ९ मिमीची खाच केली आहे, म्हणजे फ्रेमची वेल्डिंग एखाद-दोन मिमी इकडेतिकडे असली तरी प्लेट ताणून बसवावी लागत नाही. ताणून बसवलेल्या प्लेटमध्ये तडा लवकर जातो. खाचेखाली मोठा वॉशर लागतो, तोही भागांच्या यादीत लिहिला आहे. सुधारलेली प्रत या पत्रासोबत पाठवतो आहोत. डाव्या पायालाही तसंच करावं की एक बाजू पक्की ठेवावी, यावर आमच्यात एकमत नाही. तुम्ही पेन्सिलने खूण करून पाठवलीत तर पुढचा पत्रा त्याप्रमाणे कापू.

कळावे, लोभ असावा.

तुमचे,
तुमच्या ड्रॉइंगवरून टॉवर बांधणारे आम्ही सर्व