मित्रास पत्र: टायपिंगचं नाही रे, कानाचं काम आहे हे

प्रिय मित्रा,

परवा रात्री तुझा मेसेज बघितला. "मी फास्ट टाइप करतो, कॉम्प्युटर आहे, हेडफोन आहे, घरून ट्रान्सक्रिप्शनचं काम सुरू करू का, हो की नाही एवढंच सांग." एका शब्दात उत्तर दिलं असतं तर एक तर तू दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकून मोकळा झाला असतास, नाहीतर जन्मभर मला बोल लावत बसला असतास. म्हणून हे लांबण लावतोय. मधे मधे भरकटेन ते चालवून घे, ट्रान्सक्रिप्शन म्हणजे रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून लिहून काढणं, आणि दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं असं शब्दाला शब्द उतरवून काढलं की स्वतःचं लिहिताना माणूस मोकाट सुटतो.

आधी तुझ्या त्या स्पीडबद्दल. मिनिटाला ६० शब्दांचा आहे म्हणालास, चांगलाच आहे. आता हिशोब कर. इंग्रजीत बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १५० शब्द बोलतो, म्हणजे तासाला ९०००. ते ६० च्या स्पीडने नुसते बडवायलाच अडीच तास गेले, तेही कुठे न थांबता, न चुकता, मागे न जाता. आणि थांबावं तर दर वाक्याला लागतं. मराठीत शब्द कमी पण लांबलचक, वर जोडाक्षरं, त्यामुळे फार काही सुटका नाही. या धंद्यात सगळे एक आकडा धरून चालतात, स्वच्छ रेकॉर्डिंग असेल तर सरावलेल्या माणसाला एका तासाच्या ऑडिओला चार तास. नवख्याला सहा-आठ. माझी पहिली फाइल ४२ मिनिटांची होती, तिघं जण बोलत होते, मला पावणेसात तास लागले आणि शेवटची दहा मिनिटं तर मी अक्षरशः रडकुंडीला येऊन केली.

हे का सांगतोय, तर पैसे मिळतात ते ऑडिओच्या मिनिटावर, तुझ्या मिनिटांवर नाही. दर ऐकल्यावर तुझे डोळे चमकतील. त्याला लगेच सहाने भाग आणि मग बघ चमकतात का. शिवाय मेल लिहिणं, भाव सांगणं, तयार झालेलं परत एकदा ऐकत तपासणं, बिल बनवणं, बिलाची आठवण करणं, मग आठवणीची आठवण करणं, हे सगळं फुकटात. मी पहिले काही महिने वहीत प्रत्येक फाइलचा वेळ लिहून ठेवायचो, ऑडिओ किती, काम किती, माणसं किती, रेकॉर्डिंग कसं. ती वही नसती तर मी अजूनही तोट्यात राबत असतो आणि वर म्हणत असतो की मजेत चाललंय. आता फाइल मधे मधे उघडून दहाएक मिनिटं ऐकल्याशिवाय मी भाव सांगतच नाही. सुरुवात सगळ्यांची स्वच्छ असते रे, घोळ अर्ध्या तासानंतर सुरू होतो, माणसं रंगात येतात, एकमेकांच्या बोलण्यात घुसतात, कोणीतरी खिडकी उघडतं.

आता मुद्द्याचं. एकदा काय झालं, संशोधन करणाऱ्या एका बाईंनी घेतलेली मुलाखत होती माझ्याकडे, फोनवर रेकॉर्ड केलेली. समोरचा गृहस्थ म्हणाला, "मला तो निर्णय पटला नव्हता." मी लिहिलं, "पटला होता." स्पेलिंग बरोबर, विरामचिन्हं बरोबर, फॉरमॅट एक नंबर, आणि माणसाचं म्हणणं साफ उलटं. बाईंनी पकडलं, कारण पुढची दोन पानं तो त्या निर्णयाविरुद्धच भांडत होता. त्यांनी काही बोल लावला नाही, फक्त विचारलं की इथे एकदा ऐकून बघता का. मी ऐकलं. पहिल्यांदा "होता"च ऐकू आलं. तिसऱ्यांदा आवाज वाढवून, वेग कमी करून ऐकलं तेव्हा तो "नव्" कळला, अगदी पुसट, आणि त्याच्यावर बाईंचं स्वतःचं "हं हं" पडलेलं.

त्या दिवशी डोक्यात उजेड पडला. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याला चिकटून येतो. नाही, नव्हतं, नको, सगळं वाक्याच्या शेपटीला. आणि श्वास संपतो, आवाज खाली जातो, समोरचा हुंकार भरतो तेही नेमकं तिथेच. म्हणजे अख्ख्या वाक्यात जो शब्द सगळ्यात महत्त्वाचा तोच सगळ्यात कमी ऐकू येतो. तेव्हापासून मी प्रत्येक वाक्याची शेपटी दोनदा ऐकतो. आकड्यांचंही तसंच, एकोणसाठ की एकोणसत्तर हे शब्दाच्या शेवटच्या तुकड्यावर ठरतं आणि बोलणारे तो तुकडा खातातच. त्यात फोनची लाइन असेल तर अजून मजा, साध्या टेलिफोनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, आणि स, श, फ यांचा बराचसा जीव त्याच्या वर असतो. त्यामुळे फोनवरचं नाव मी कधीच नुसतं ऐकून लिहीत नाही, नावांची यादी आधीच मागून घेतो. तूही घे, लाजू नकोस.

बरं, ऐकूच आलं नाही तर? तर तसं लिहायचं. [अस्पष्ट ००:१४:३२]. झालं. नवीन माणसाला हे लिहायला फार जीवावर येतं, वाटतं आपण नापास झालो, म्हणून तो अंदाज मारतो. लेका, अंदाज मारू नकोस. कंसातला अस्पष्ट बघून क्लायंट स्वतः ऐकतो आणि भरतो, तो तिथे हजर होता, त्याला आठवतं. तू आत्मविश्वासाने चुकीचं लिहिलंस तर त्याला कळायला मार्गच नाही.

आणि इथेच ते मशीनचं येतं, जे तू विचारलं नाहीस पण मनात नक्की असणार. "आता सगळं एआय करतं ना?" करतं. व्हिस्पर नावाचं, बोलणं ऐकून लिहून काढणारं मॉडेल सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआय कंपनीने सगळ्यांसाठी मोकळं केलं, ६ लाख ८० हजार तासांच्या ऑडिओवर शिकवलेलं, आणि स्वच्छ इंग्रजी एकट्या माणसाचं असेल तर ते इतकं चांगलं लिहितं की तसली कामं बाजारातून जवळपास गेलीच समज. रडून उपयोग नाही. पण त्याची एक खोड आहे, जिथे कोणी बोलतच नाही, नुसती शांतता किंवा खरखर आहे, तिथे ते कधीकधी मनाने वाक्यं घालतं. कोणी न बोललेली, व्याकरणशुद्ध वाक्यं! आणि मला ऐकू आलं नाही असं ते आपणहून म्हणत नाही. म्हणजे बघ, आपल्याकडे आता विकायला जे उरलंय ते टायपिंग नाहीच, आपल्याला कुठे ऐकू आलं नाही हे आपल्याला कळतं, ते विकायचंय.

मीही मशीनचा कच्चा मसुदा वापरतो, खोटं कशाला बोलू. पण क्लायंटला विचारून, आणि माझ्याच कॉम्प्युटरवर चालवून, कारण लोकांच्या खाजगी गप्पा कुठल्या तरी वेबसाइटवर चढवायला मला कोणी परवानगी दिलेली नसते. आणि एक धोका सांगून ठेवतो. तयार मसुदा डोळ्यासमोर असला की कान आळशी होतो, स्क्रीनवर "होता" लिहिलेलं असेल तर तुला "होता"च ऐकू येणार. म्हणून अवघड तुकडा आला की मी स्क्रीनवरून नजर काढतो, नुसतं ऐकतो, मग बघतो. दोनतीन जण एकमेकांवर बोलतायत, वाक्य मराठीत सुरू होऊन इंग्रजीत संपतंय, अशा फाइलचा मसुदा दुरुस्त करण्यापेक्षा कोऱ्या पानावरून लिहिलेलं लवकर होतं, हे पण वहीनेच शिकवलं.

सामानाचं थोडक्यात. कान पूर्ण झाकणारा, मागे जाळी नसलेला हेडफोन, बेस वाढवणारा नको, बेस वाढला की शब्द बुडतो. प्लेअर म्हणून एक्सप्रेस स्क्राइब किंवा ब्राउझरमध्ये चालणारं ओट्रान्सक्राइब, दुसरं फुकट आहे. खराब आवाज थोडा सुधारायला ऑडॅसिटी, तेही फुकट. आणि पायाचं पेडल, हे मात्र पहिल्या कमाईतून घेच. त्याचा मधला भाग दाबला की ऑडिओ चालू, पाय उचलला की बंद, आणि परत दाबलं की दोनएक सेकंद मागे जाऊन सुरू होईल असं सेटिंग करून ठेव. हात कीबोर्डवरून उचलावे लागत नाहीत, एवढ्या एका गोष्टीने माझा तासाला बराच वेळ वाचायला लागला. परत परत येणाऱ्या शब्दांना शॉर्टकट लावून ठेव, वर्डच्या ऑटोकरेक्टमध्येही जमतं. बाकी भारी मायक्रोफोन, दुसरा मॉनिटर वगैरे मोह आवर.

काम घ्यायच्या आधी एक प्रश्न हटकून विचार, सगळं जसंच्या तसं पाहिजे की साफ करून? साफ म्हणजे "म्हणजे", "असं ना", "हे आपलं" हे गाळायचं, अडखळलेलं सरळ करायचं, अर्थ न बदलता. जसंच्या तसं म्हणजे अडखळणंही लिहायचं. मी एकदा न विचारता अख्खी मुलाखत मस्त चकाचक करून दिली आणि त्यांना नेमकं अडखळणंच अभ्यासायचं होतं! सगळं परत केलं, फुकट. संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यांची तर वेगळीच खूणपद्धत आहे, गेल जेफरसन या बाईंनी घडवलेली, त्यात कोण किती सेकंद गप्प राहिलं हेही दशांशात लिहितात, कंसात ०.५ वगैरे. ते काम आलं तर दर चौपट असला तरी चार वेळा विचार कर.

वैद्यकीय आणि कोर्टाचं सध्या नको. तिथे वेगळं शिक्षण लागतं, चूक झाली तर कोणाच्या तरी जीवावर बेतते आणि कायदेही कडक, रुग्णांची माहिती जपणारा अमेरिकेचा हिपा १९९६ पासूनचा, लोकांची खाजगी माहिती जपणारा युरोपचा जीडीपीआर २०१८ पासून लागू. पण साध्या कामातही गुप्तता पाळच. ऑडिओ वेगळ्या, पासवर्डवाल्या ड्राइव्हवर, काम संपून ठरलेले दिवस झाले की डिलीट, आणि डिलीट केलं असं कळवायचं. आणि मला फोन करून "काय भारी किस्सा ऐकला आज" हे तर अजिबातच नाही. मला माहितीये, तुला जड जाणार.

काम कुठून मिळतं, तर संशोधन करणारे, पीएचडीवाले, आठवणी गोळा करणारे, पॉडकास्टवाले, मुलाखती घेऊन पुस्तक लिहिणारे. त्यांना थेट मेल टाक, सोबत स्वतःच रेकॉर्ड करून केलेला एक पानाचा नमुना. "रजिस्ट्रेशन फी भरा मग काम देतो" म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस, काम देणारा आपल्याला पैसे देतो, मागत नाही. फुकट चाचणी म्हणून कोणी अख्ख्या तासाची फाइल पाठवली तर तीच त्याची कामाची फाइल आहे असं समज. मला एकाने तीन फाइल करून घेऊन गायब होऊन दाखवलंय, अजून त्याच्या "उद्या नक्की"ची वाट बघतोय. आता नवीन माणसाकडून अर्धे आधी.

शरीराचं तू हसण्यावारी नेशील, मीही नेलं होतं. आवाज वाढवत वाढवत गेलो आणि एका रात्री हेडफोन काढल्यावरही कानात शिट्टी चालूच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ऐकायचं तर ८० डेसिबलपर्यंतच म्हणते, आणि ८० म्हणजे काही फार नाही. आता ऐकू येत नसेल तर आवाज वाढवायच्या आधी वेग कमी करतो. मनगटाचंही बघ.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. एका आजींची मुलाखत होती, गेलेल्या मुलाबद्दल विचारलं आणि त्या गप्प झाल्या. अकरा सेकंद. मशीनच्या मसुद्यात तिथे काहीच नव्हतं, पुढचं वाक्य मागच्याला चिकटून आलं होतं. मी [शांतता, ११ सेकंद] लिहिलं. आणि ते अकरा सेकंद बरोबर मोजायला मला ते चार वेळा ऐकावे लागले. त्या दिवशी पुढे काम झालं नाही. तुझ्या हिशोबात असे दिवस पण धर.

नोकरी इतक्यात सोडू नकोस. सोबत दहा मिनिटांची ऑडिओ फाइल जोडतोय, माझाच आवाज आहे, बाजूला मुद्दाम पंखा लावलाय. घड्याळ लावून कर, जसंच्या तसं, आणि खरा लागलेला वेळ कळव, उगाच कमी करून सांगू नकोस. त्यात एका ठिकाणी मी "नव्हतं" खाल्लंय.

तुझाच,
कानात अजून शिट्टी वाजणारा मित्र