शेडमधे उभ्या असलेल्या गाडीला महिन्याचा दंड कशासाठी?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्या भंगारात काढायच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतात आणि आमच्या इकडं लातूर, उदगीर, अहमदपूर भागात लोकांनी त्याचा एकच अर्थ घेतलाय, १५ वर्षं झाली की गाडी संपली, सरकार उचलून नेणार, त्यापेक्षा भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हा. ह्या गैरसमजापायी चांगल्या चांगल्या गाड्या गॅस कटरनं कापल्या गेल्यात म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांब झालं तर सांभाळून घ्या.

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांचं असतं हे खरं, पण त्यानंतर गाडी तपासून घेऊन ते ५-५ वर्षांसाठी रिन्यू करता येतं. दिल्लीचा जो डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचा नियम गाजला तो दिल्ली आणि आजूबाजूच्या एनसीआरपुरता आहे, महाराष्ट्रात खाजगी गाडीला नुसत्या वयावरून तशी बंदी नाही. एवढं जरी लोकांना कळलं तरी निम्म्या गाड्या वाचतील असं मला वाटतं.

आता ज्या गाडीमुळं मी ह्यात पडलो तिच्याबद्दल. टाटा इस्टेट, १९९४ सालची, आमच्या आण्णांनी नवीकोरी घेतलेली. आजच्या पोरांना ही गाडी ठाऊकच नाही. सिएरा १९९१ ला आली, त्याच्या मागोमाग १९९२ ला इस्टेट आणि सुमो १९९४ ला, तिघींचं घराणं एकच, पिकअप म्हणून निघालेली टाटामोबाईल. इस्टेट म्हणजे अस्सल स्टेशन वॅगन, लांब छत, मागं मोठं दार आणि मागची सीट पाडली की बियाण्याची पोती आडवी मावतात. लोक अजून तिला बघून मर्सिडीजच्या जुन्या वॅगनसारखी दिसते म्हणतात आणि ते खोटं नाही. इंजिन १९४८ सीसीचं डिझेल, ४८३ नंबरचं, म्हणजे ४ सिलेंडर आणि ८३ मिलीमीटरचा बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, टर्बो बिर्बो काही नाही. पळायला आजच्या गाडीपुढं मंद, पण ओढायला तयार. तुळजापूर, परळी, औंढा, लग्नकार्यं, पेरणीच्या दिवसात खतबियाणं, दवाखान्याच्या वाऱ्या, सगळं तिनं केलं. आण्णांची नजर कमी झाली तशी त्यांनी स्वतःहून चालवणं सोडलं आणि दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्यांचं मन होईना, म्हणून ती दाळमिलच्या मागच्या शेडमधे उभी राहिली ती वर्षानुवर्षं तिथंच.

मराठवाड्याची हवा कोरडी आहे ह्याचा एक मोठा फायदा मला गाडी बाहेर काढल्यावर कळला. मुंबईत किंवा कोकणात एवढी वर्षं उभी राहिलेली गाडी खालून चाळणी होते, आमच्या गाडीचा तळ ठोकून बघितला तर खणखणीत, गंज वरवरचा. पण उन्हाळ्यानं रबर सगळं खाल्लेलं, दाराची बिडिंग, होस पाईप, बेल्ट, वायपरचं रबर, हात लावला की तुकडे. आणि दाळमिल म्हटल्यावर उंदीर आलेच! एअर फिल्टरचं डबडं उघडलं तर आत फिल्टरचा कागद कुरतडून केलेलं घरटं, त्यात चिंध्या, सोयाबीनच्या शेंगांची टरफलं आणि तुरीचे दाणे अगदी व्यवस्थित साठवलेले, मूठभर निघाले. तसंच स्टार्ट केलं असतं तर तो सगळा कचरा इंजिनानं आत ओढला असता.

आणि इथंच मला लोकांना कळकळीनं सांगायचंय. शेडमधून जुनी गाडी काढली की घरातली चार पोरं जमतात, ट्रॅक्टरची बॅटरी आणून सेल्फ मारतात, नाही झाली तर दोरी बांधून ट्रॅक्टरनंच ओढून चालू करतात, गाडी धूर सोडत चालू होते, टाळ्या पडतात आणि आठवड्याभरात इंजिन जाम. मग म्हणायचं गाडीत दम नव्हता. गाडीत दम होता, तिला उठवायची पद्धत चुकली. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात ऑईल सगळं खाली चेंबरमधे उतरलेलं असतं, वर सिलेंडर, बेअरिंग कोरडे ठाक, पिस्टनच्या रिंगा सिलेंडरच्या लायनरला चिकटलेल्या, त्यात जोर लावला की ओरखडे पडणारच.

आमच्या मिस्त्रीनं काय केलं ते सांगतो, नाव छापायचं नाही म्हणाले म्हणून लिहीत नाही पण गावात सगळे ओळखतात, आयुष्य सुमो आणि टाटाच्या ४०७ टेम्पोमधे गेलंय. त्यांनी पहिल्या दिवशी बॅटरीला हातच लावू दिला नाही. सिलेंडरमधे डिझेल फवारणारी चारी नोजल काढली, त्या भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑईल सोडलं आणि दोन दिवस मुरू दिलं. मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून हातानं हळू हळू, आधी इकडं जरा मग तिकडं जरा, जोर अजिबात नाही. बराच वेळ काही हललं नाही आणि मग पाना एकदम मऊ चालला, मिस्त्री काही बोलले नाहीत फक्त माझ्याकडं बघून मान हलवली. पूर्ण फेरे बसले तेव्हा नोजलच्या भोकांवर फडकं धरून वर साठलेलं ऑईल बाहेर उडू दिलं, कारण ऑईल दाबलं जात नाही, ते आत ठेवून नोजल बसवली आणि सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यानंतर जुनं ऑईल काढून नवं ऑईल, नवा फिल्टर, आणि डिझेल बंद ठेवून थांबून थांबून सेल्फ, ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत. म्हणजे ऑईल वरपर्यंत पोचलं ह्याची खात्री झाली, मगच डिझेलचं बघायचं.

डिझेलची टाकी खाली उतरवून घेतली. जुन्या डिझेलच्या तळाला पाणी साठतं आणि त्यात शेवाळासारखा काळा बुळबुळीत गाळ धरतो, तो नवीन डिझेल टाकून जात नाही, टाकी उतरवून धुवावीच लागते. नळ्या हवेनं फुंकल्या, रबरी तुकडे बदलले, फिल्टर नवे, पंप आणि नोजल पंपवाल्याकडं टेस्टिंगला दिली. परत सगळं बसवून हातपंपानं प्रायमिंग करून, म्हणजे नळ्यांत डिझेल भरून, आतली एअर काढली, हीटर प्लग तपासले. चालू झाली तेव्हा आधी पांढरा धूर भरपूर, मग हळूहळू साफ होत गेली. आण्णा खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी नुसत्या आवाजावरून सांगितलं की टॅपिट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करायला पाहिजेत, आणि खरंच करावी लागली.

पण साहेब चालू होणं हे सोपं काम आहे, थांबणं अवघड. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आतून मास्टर सिलेंडर, व्हील सिलेंडर गंजवतं. पेडल दाबल्यावर बरं वाटलं म्हणून रस्त्यावर काढलेली गाडी पहिल्याच उतारावर दगा देऊ शकते. आम्ही ब्रेकची सगळी किटं, होस पाईप, ब्रेकचे लायनर नवे टाकले. टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती, पण टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे असतात ते वाचा, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, २३०८ म्हणजे २००८ सालचा २३ वा आठवडा. एवढं जुनं टायर नक्षी कितीही असली तरी हायवेवर फुटतं, ते टाकूनच द्यायचं. आणि रेडिएटरमधे बोअरचं पाणी घालू नका बाबांनो, आपल्याकडचं पाणी जड आहे, भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच आत बसतो. आमचं रेडिएटर उघडून रॉड मारून साफ करावं लागलं, आता फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

इंजिनाचे बरेचसे पार्ट मिळाले, सुमोला हेच इंजिन होतं म्हणून. काचा, बिडिंग, लाईट, दाराची हँडल ह्यासाठी मात्र लातूर, सोलापूर, पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडावं लागलं. कुशनवाल्यानं जुन्या कापडासारखं कापड शोधून सीटा केल्या. वाळवीनं खाल्लेले दारांचे पुठ्ठे सुतारानं प्लायमधे कापून दिले. हे सगळं काम गावातल्याच लोकांनी केलं, बाहेरून कुणी आलं नाही, आणि ही कारागिरी आणखी १०-१५ वर्षांनी शोधून सापडणार नाही. आयटीआयच्या पोरांना एखादं असं जुनं इंजिन हातानं खोलायला मिळालं तर किती शिकतील.

एवढं सगळं झाल्यावर कागदाकडं वळलो आणि तिथं गाडी अडली आहे. रजिस्ट्रेशन एकदा रिन्यू झालेलं, ते २०१४ ला संपलं, गाडी तेव्हा आधीच शेडमधे होती. नियमात असं आहे की रिन्यूअलला उशीर झाला तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये जादा. म्हणजे वर्षाचे ६,०००, दहा वर्षांचे ६०,०००. वर २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांच्या पुढच्या कारची रिन्यूअल फीच १०,००० झालीय, शिवाय पर्यावरण कर, इन्शुरन्स, नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. फी, कर, इन्शुरन्स ह्याला माझी ना नाही, गाडी रस्त्यावर आणायची तर ते भरलंच पाहिजे. पण जी गाडी ह्या सगळ्या वर्षांत रस्त्यावर आलीच नाही, जिनं एक थेंब डिझेल जाळलं नाही, तिला महिन्याच्या हिशोबानं दंड कशाचा? काउंटरवरच्या माणसाचा काही दोष नाही, कॉम्प्युटर जो आकडा काढतो तो ते सांगणार. नियम करतानाच चालू गाडी आणि बंद गाडी ह्यात फरक केलेला नाही. आणि हा आकडा ऐकूनच लोक गाडी भंगारात देतात, कारण भंगारवाला पैसे देतो आणि इथं गाडीच्या किमतीपेक्षा जास्त भरावे लागतात.

कुणी म्हणेल की व्हिंटेजमधे नोंदवा. जुलै २०२१ मधे केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम केले, चांगले केले, पण त्याला गाडी ५० वर्षांच्या पुढची लागते. आमची इस्टेट तिथं २०४४ ला पोचेल. जर्मनीत ३० वर्षांची गाडी मूळ रूपात आणि चांगल्या हालतीत असली तर तिला एच अक्षराची वेगळी नंबर प्लेट आणि करात सवलत मिळते. इंग्लंडमधे ४० वर्षांच्या पुढच्या गाडीला रोड टॅक्स माफ आहे. आपल्याकडं ३० ते ५० च्या मधल्या गाडीला कुणी वालीच नाही, आणि नेमक्या ह्याच मधल्या गाड्या आपल्या स्वतःच्या आहेत, आपल्या देशात बनलेल्या, आपल्या माणसांनी बनवलेल्या. ह्या टिकल्या नाहीत तर उद्या ५० वर्षांची होणार तरी कोण?

धुराबद्दल बोलणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. हे इंजिन भारत स्टेजचे नियम यायच्या आधीचं आहे, रोज ऑफिसला न्यायला अशी गाडी वापरू नये, मी पण वापरणार नाही. वर्षाला ठराविक किलोमीटरची अट घाला, शहरात गर्दीच्या वेळी आणू नका म्हणा, तपासणी कडक करा, ब्रेक, लाईट, धूर, स्टेअरिंग सगळं बघा आणि नापास झाली तर खुशाल परत पाठवा. गाडीची हालत बघून ठरवा एवढंच मागणं आहे. आणि गाडी बंद होती हे सिद्ध करणं अवघड नाही, त्या काळात इन्शुरन्स नाही, पीयूसी नाही, एक चलन नाही, शेवटच्या सर्व्हिसच्या बिलावरचं रीडिंग आणि आजचं मीटर जवळपास तेच, शेजाऱ्यांचा पंचनामा घ्या हवा तर. अशा गाडीला उशिराचा दंड माफ करून फक्त चालू फी घ्यावी आणि ३० वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करावा, ही मागणी आपल्या भागातल्या खासदारांनी दिल्लीत मांडावी, कारण हा नियम केंद्राचा आहे, मुंबईत बोलून उपयोग नाही.

ज्यांच्या वाड्यात, गोठ्यात, जिनिंगच्या शेडमधे अशी इस्टेट, सिएरा, पद्मिनी, अँबेसेडर उभी आहे त्यांनी आरसी बुकाची तारीख आधी बघून घ्या, संपायची असेल तर वेळेत रिन्यू करा म्हणजे हा महिन्याचा आकडा चढणार नाही. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, चाकाला दगड लावा. बॅटरी काढून ठेवा. भंगारवाल्याला हो म्हणायच्या आधी एकदा जुन्या मिस्त्रीला दाखवा.

आणि कुणाकडं इस्टेटची मागची उजवी टेललाईट, अख्ख्या काचेची, पडून असेल तर आपल्या पेपरातून कळवावं, योग्य किंमत देऊन घेऊन जाईन.

आपला,
एक वाचक, लातूर