हक्क असावा, सूट कशाला?

महोदय,

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील 'पिता-पुत्र नियमा'वरून एएफएल या लीगच्या वार्षिक ड्राफ्टच्या, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या, सुमारास दरवर्षी वाद पेटतो. नियम सरसकट रद्द करा असे एक बाजू म्हणते, तर परंपरेला हात लावू नका असे दुसरी. ज्या क्लबकडून वडील किमान १०० सामने खेळले, त्या क्लबकडे जाण्याची मुभा मुलाला असावी, हे मला मान्य आहे. मात्र त्या मुभेपोटी क्लबला किमतीत, म्हणजे खेळाडूच्या बदल्यात सोडाव्या लागणाऱ्या निवड क्रमांकांत, सूट का मिळावी, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

या नियमाचे मूळ भावनेत आहे, हे नाकारता येत नाही. मेलबर्न क्लबच्या १९४०च्या विजेत्या संघातील रॉन बरासी १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील टोब्रुकच्या लढाईत मारले गेले. त्या काळी खेळाडू कोणत्या भागात राहतो त्यावर त्याचा क्लब ठरत असे. पण या नियमामुळे त्यांच्या मुलाला वडिलांच्याच क्लबकडून खेळता आले आणि पुढे तो या खेळातील सर्वांत मोठ्या नावांपैकी एक झाला. शिवाय मुलावर सक्ती नसते. मार्क मर्फीने २००५ मध्ये या नियमाने खुली झालेली ब्रिस्बेनची वाट नाकारून खुल्या ड्राफ्टमध्ये जाणे पसंत केले आणि कार्लटनने त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतले.

तथापि १९८६ मध्ये राष्ट्रीय ड्राफ्ट सुरू झाल्यापासून या खेळाची घडीच बदलली आहे. तळाच्या संघाने सर्वांत आधी निवड करावी, म्हणजे दुबळे संघ सावरतील, हे ड्राफ्टचे तत्त्व आहे आणि पिता-पुत्र निवड नेमकी त्यालाच छेद देते. जीलाँगने गॅरी ॲब्लेट धाकट्याला २००१ मध्ये ४०व्या आणि टॉम हॉकिन्सला २००६ मध्ये ४१व्या क्रमांकावर घेतले. एवढ्या स्वस्तात असे खेळाडू खुल्या बाजारात कोणाला मिळाले असते? म्हणूनच २००७ पासून बोलीची पद्धत आली आणि २०१५ पासून प्रत्येक निवड क्रमांकाला गुण ठरवून देण्यात आले. दुसऱ्या क्लबने बोली लावली, म्हणजे आपल्या क्रमांकावर त्या मुलाला घेण्याची तयारी दाखवली, की वडिलांच्या क्लबने तेवढ्या गुणांचे क्रमांक मोजायचे, पण पहिल्या फेरीत त्यावर २० टक्के सूट घ्यायची! कोणी क्लबच्या माजी खेळाडूच्या मुलावर बोली लावली, एवढ्याचसाठी हे बक्षीस. मागच्या फेऱ्यांतील किरकोळ क्रमांकांची मोळी बांधून अव्वल खेळाडू पदरात पाडून घेण्याची क्लृप्तीही याच पद्धतीतून निघाली.

ब्रिस्बेनचे उदाहरण बोलके आहे. क्लबचे माजी खेळाडू मार्कस ॲशक्रॉफ्ट यांचा मुलगा विल २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर या क्लबकडे आला आणि २०२४च्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला. अजिंक्यपदाला दोन महिने होत नाहीत तोच त्याचा भाऊ लेव्हीदेखील पाचव्या क्रमांकाच्या बोलीवर त्याच क्लबमध्ये दाखल झाला. २०२५ मध्ये ब्रिस्बेन पुन्हा विजेता ठरला. क्लबने कोणताही नियम मोडला नाही, दोष नियमाचाच आहे. विजेत्या संघाला असा खेळाडू मिळायचाच असेल, तर निदान पूर्ण किमतीत तरी मिळावा.

सूट २०२५ मध्ये १० टक्क्यांवर आणली गेली आणि मागच्या क्रमांकांचे गुणही घटवले गेले, ही सुधारणा स्वागतार्ह असली तरी अर्धवट आहे. गोल्ड कोस्ट २०११ मध्ये आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी २०१२ मध्ये स्पर्धेत उतरले. त्यांच्यासाठी १०० सामने खेळलेल्यांची मुले ड्राफ्टच्या वयाला येईपर्यंत बराच काळ जाणार. त्या क्लबांना अकादमीचा, म्हणजे आपल्या भागातील तरुण खेळाडू घडवून त्यांच्यावर आधी हक्क सांगण्याचा, आधार दिला जातो हे खरे, पण तीही एक सवलतच. एका सवलतीवर दुसरीचा उतारा देऊन स्पर्धा समतोल होत नाही. टास्मानियाचा नवा क्लब २०२८ मध्ये उतरेल तेव्हा त्याच्याकडे असा एकही 'पिता' नसेल. तो संघ मैदानात येण्यापूर्वी एएफएलने उरलेली सूट काढून टाकावी आणि पहिल्या फेरीतील बोलीसाठी किमान एक क्रमांक पहिल्या फेरीतलाच द्यावा, असे बंधन घालावे.

– एक वाचक, मेलबर्न