गोव्यात विकता, मग गोव्यात दुरुस्तही करा

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
भारत विभाग

विषय: वॉरंटीत असलेल्या गेम कन्सोलची दुरुस्ती नाकारल्याबद्दल, आणि जुन्या ग्राहकांकडे कंपनीने फिरवलेल्या पाठीबद्दल

महोदय / महोदया,

गेल्या वर्षी चवथीच्या सेलमध्ये मी म्हापशाच्या एका दुकानातून तुमचा सध्याच्या पिढीचा, डिस्क ड्राइव्ह असलेला कन्सोल घेतला. यंदा पाऊस सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत टीव्हीवर चित्र यायचं बंद झालं. यंत्र सुरू होतं, दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, पण पडदा काळाच. मागच्या बाजूला टॉर्च मारून पाहिलं तर एचडीएमआय पोर्टच्या, म्हणजे टीव्हीची वायर जोडायच्या खाचेच्या आत, कोपऱ्यातल्या पिनांवर हिरवट थर चढलेला दिसला. वॉरंटी शिल्लक होती. गोव्यात तुमचं सेवा केंद्र नाही, म्हणून तुमच्या हेल्पलाइनने सांगितल्याप्रमाणे यंत्र मूळ खोक्यात भरून, स्वतःच्या खर्चाने कुरिअर करून मुंबईला पाठवलं. बऱ्याच दिवसांनी ईमेल आला: ओलाव्यामुळे नुकसान झालेलं आहे, वॉरंटीत बसत नाही. सोबत मदरबोर्ड, म्हणजे यंत्राचा मुख्य सर्किट बोर्ड, बदलण्याचा अंदाजखर्च होता. नव्या कन्सोलच्या निम्म्याहून अधिक!

हा निर्णय मला मान्य नाही. यंत्रावर पाणी सांडलेलं नाही, छप्पर गळलेलं नाही. दिवाणखान्यात, भिंतीपासून हातभर पुढे, उघड्या फळीवर ते ठेवलेलं होतं. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. या दिवसांत कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, मीठ बरणीतच पाझरतं. ही हवा काही नैसर्गिक आपत्ती नाही, इथलं रोजचं जगणं आहे. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपन्या याच हवेत माल विकतात आणि काही बिघडलं तर त्यांचा माणूस डिचोलीला घरी येऊन पाहून जातो. तुम्ही मुंबई, गोवा, केरळ अशा दमट किनारपट्टीवर यंत्र विकता आणि मग तिथली हवाच वॉरंटीतून वगळता. मग वॉरंटी कुठल्या गावासाठी आहे, ते खोक्यावर छापा.

म्हापशाच्या एका मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या मुलाला मी ईमेलमधला फोटो दाखवला. तो म्हणाला, "दादा, हा नुसता पोर्ट बदलायचा विषय आहे, बोर्ड ठीक दिसतो." पण बाहेर यंत्र उघडलं तर उरलीसुरली वॉरंटीही जाईल असं तुमची हेल्पलाइन म्हणते. त्याच मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. तुमचा डिस्क ड्राइव्ह त्या-त्या मदरबोर्डशी सांकेतिकरीत्या जोडलेला असतो, त्यामुळे उद्या बोर्ड बदलला की जुना ड्राइव्ह नुसता लावून चालत नाही. म्हणजे दुरुस्ती तुम्ही करायची नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायची नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. ग्राहकाला सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळावी म्हणूनच ना?

एवढंच असतं तर हे पत्र इथेच संपलं असतं. पण कॉलेजात असल्यापासून मी तुमचेच कन्सोल घेत आलोय. वर्तमानपत्रांच्या व्यापारी पानांवर तुमच्या घसरत्या विक्रीच्या बातम्या येतात, तेव्हा मला वाईट वाटतं. तुमचे अधिकारी चिपच्या किमती, बाजारातली मंदी अशी कारणं देतात. मला वेगळं कारण दिसतं आणि ते मी घरात पाहिलेलं आहे.

चवथीला आमचं सगळं कुटुंब सत्तरीत, केरीच्या मूळ घरी जमतं. मुंबई-पुण्याची चुलतभावंडं येतात. दुपारची जेवणं आटोपून मोठी माणसं लवंडली की घरावर मुलांचं राज्य. गेल्या वर्षी नवा कन्सोल मी मुद्दाम तिथे नेला. आदल्या रात्रीच्या वाऱ्यात झाड पडून इंटरनेटची तार तुटली होती, पावसाळ्यात सत्तरीत हे होतच असतं. वीज होती. पैसे मोजून घेतलेला फुटबॉलचा गेम यंत्रात पूर्ण उतरवलेला होता. यंत्र म्हणालं, परवाना तपासायचा आहे, इंटरनेट जोडा. मग डिस्कवाला दुसरा गेम काढला. तर डिस्कवर गेमचा एक भागच, उरलेला डाउनलोड केल्याशिवाय सुरू होणार नाही. केरीला अंगणाच्या कडेला जाऊन उभं राहिलं तर मोबाइलला रेंजची एखादी काडी दिसते. त्यावर पन्नास जीबी कधी उतरायचे? मुलं नेवऱ्या खात टीव्हीवरच्या त्या सूचनेकडे बघत बसली होती. शेवटी थोरल्या दादाच्या मुलाने माळ्यावरून जुना कन्सोल खाली आणला. तुमचाच, दोन पिढ्यांपूर्वीचा. धूळ पुसली, वायर जोडली, डिस्क सरकवली आणि मिनिटभरात गेम सुरू झाला. संध्याकाळच्या आरतीपर्यंत मुलं त्यावरून हलली नाहीत.

तुमच्या सगळ्या घसरणीचं कारण मला त्या दुपारी दिसलं. कन्सोल माणूस का घेतो? पीसी अधिक ताकदवान असतो, तो कामालाही येतो. मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि आमच्या गावच्या पारावर मुलं त्यावरच बीजीएमआय नावाचा गेम खेळत असतात. तरीही लोक तुमचं खोकं घेत होते, कारण त्यात कटकट नव्हती. डिस्क घाला, खेळा, खेळून झाली की मित्राला द्या नाहीतर विका. नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. तो संपवून निम्म्या किमतीला पुढे विकता येत होता, म्हणून तर आमच्यासारख्या पगारदार माणसाला हा छंद परवडत होता. पणजीत, मडगावात डिस्कांची अदलाबदल करणाऱ्या पोरांचे गट होते. तुमचे सगळ्यात निष्ठावान ग्राहक तेच. आता तुम्ही बिनाड्राइव्हचं मॉडेल पुढे रेटता, दुकानात डिस्क ठेवत नाही, सदस्यत्वाचं शुल्क वाढवता आणि तुमच्या मालकीच्या स्टुडिओंचे गेम प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांवरही विकता. यातला प्रत्येक निर्णय त्या-त्या तिमाहीच्या हिशेबात फायद्याचा असेल. पण सगळे एकत्र मांडल्यावर ग्राहकापुढे प्रश्न उरतो: मग तुमचंच यंत्र का घ्यायचं? याचं उत्तर मला तुमच्या एकाही जाहिरातीत सापडलं नाही.

तुमच्याच धंद्याचा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार. तरी सेगा या जपानी कन्सोल कंपनीची गोष्ट इथे मांडतो, कारण तुमची वाट मला तीच दिसते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सेगा अमेरिकेत निन्टेंडो या प्रतिस्पर्धी कंपनीच्या तोडीस तोड होती. 1994 च्या नोव्हेंबरमध्ये तिने जुन्या कन्सोलवर बसवायचं 32एक्स नावाचं जोडयंत्र अमेरिकेत विकायला काढलं आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सॅटर्न हा नवाकोरा कन्सोल आणला. ज्यांनी जोडयंत्र घेतलं, त्यांना थोड्याच काळात कळलं की कंपनीने ते वाऱ्यावर सोडलंय. मे 1995 मध्ये लॉस एंजेलिसच्या ई3 या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सेगाने जाहीर केलं की सॅटर्न ठरलेल्या तारखेच्या कितीतरी आधी, आजपासूनच, निवडक दुकानांत मिळेल. किंमत 399 डॉलर. बाकीचे दुकानदार भडकले, गेम बनवणाऱ्यांचे गेम तयार नव्हते. त्याच प्रदर्शनात सोनीने आपल्या प्लेस्टेशनची किंमत सांगितली: 299.

पुढे सेगाने ड्रीमकास्ट आणला, 1998 मध्ये जपानमध्ये आणि 9 सप्टेंबर 1999 रोजी अमेरिकेत. यंत्र म्हणून तो उत्तम होता. इंटरनेटसाठी मोडेम आतच बसवलेला, किंमत माफक, गेमही सरस. पण आधी हात पोळलेल्या लोकांनी या वेळी थांबायचं ठरवलं आणि डीव्हीडी चालवणाऱ्या प्लेस्टेशन 2 ची वाट पाहिली. 31 जानेवारी 2001 रोजी सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. त्यानंतर त्या कंपनीने घरगुती कन्सोलच्या स्पर्धेत पुन्हा पाऊल ठेवलेलं नाही. चांगलं यंत्र आणूनही तिला कन्सोलचा धंदा सोडावा लागला, कारण तोवर तिचा शब्द कुणी खरा मानत नव्हतं. तुमचं पुढचं यंत्र कितीही वेगवान असलं तरी मुंबईहून आलेला तो ईमेल माझ्या लक्षात राहणार आहे.

याच्या उलटही घडलेलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 वर तीन लाल दिवे लुकलुकायचे आणि यंत्र बंद पडायचं. लोक संतापले होते. 2007 मध्ये कंपनीने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापायी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. नुकसान प्रचंड, पण ग्राहक टिकले. सोनीने 2021 मध्ये प्लेस्टेशन 3 आणि व्हीटा या आपल्या जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं, लोकांनी आरडाओरडा केला आणि महिन्याभरात तो निर्णय मागे घेतला. निन्टेंडोचा 2012 चा वी यू जेमतेम 1 कोटी 35 लाख विकला गेला, म्हणजे सपशेल अपयश. पण 2017 मध्ये त्यांनी स्विच आणला. ताकदीत तो दुबळाच होता. टीव्हीवर चालतो, हातात घेऊनही खेळता येतो आणि निन्टेंडोचे गेम दुसऱ्या कुठल्या कन्सोलवर मिळत नाहीत, म्हणून लोकांनी तो उचलला. पंधरा कोटींच्या वर विकला गेला. माणसाला यंत्र घेण्याचं कारण द्यावं लागतं, ते त्यांनी दिलं.

म्हणून माझं म्हणणं दोन भागांत आहे. पहिला भाग माझ्या यंत्रापुरता. ते वॉरंटीखाली विनामूल्य दुरुस्त करून द्यावं किंवा बदलून द्यावं, आणि मुंबईला पाठवण्याचा कुरिअर खर्च परत करावा. ओलाव्याचं कारण लावूनच धरायचं असेल, तर यंत्राच्या आत पाणी गेल्याचा तांत्रिक अहवाल फोटोंसह द्यावा. पोर्टच्या तोंडाशी चढलेला थर हा त्याचा पुरावा होत नाही.

दुसरा भाग गोव्यातल्या सगळ्या ग्राहकांसाठी. म्हापसा, पणजी किंवा मडगाव, कुठेही एक अधिकृत संग्रह केंद्र नेमा. तिथे यंत्र द्यायचं आणि तिथूनच परत घ्यायचं. मोठं दुकान नको, तुमचा माल विकणाऱ्या विक्रेत्याच्या काउंटरवर एक माणूस पुरे. विकत घेतलेला आणि यंत्रात उतरवलेला गेम इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. निदान किती दिवस चालेल, ते खरेदीच्या आधी मराठीत आणि इंग्रजीत स्पष्ट लिहा. इथे झाड पडून दोन-दोन दिवस लाइन बंद राहते, आणि ही अडचण सिंधुदुर्गापासून कारवारपर्यंत सगळ्यांची आहे. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमचं पुढचं यंत्र आलं, किंवा उद्या तुम्ही कन्सोल बनवायचंच सोडलं, तर माझ्या खात्यावरच्या गेमचं काय होणार, हे लेखी सांगा. त्यात माझ्या पगाराचे पैसे आहेत. आणि डिस्क ड्राइव्ह काढू नका. दुकानातल्या विक्रेत्याने मला सांगितलं की गिऱ्हाईक आजही पहिला प्रश्न "ड्राइव्हवालं आहे का?" हाच विचारतं. हे तुमच्यापर्यंत कुणी पोहोचवत नसेल, म्हणून मी लिहितोय.

माझा पुतण्या यंदा बारावी झाला. पहिल्या कन्सोलसाठी तो पैसे साठवतोय आणि त्याने प्रतिस्पर्ध्याचा कन्सोल घ्यायचं ठरवलंय. आमच्या घरात तुमच्या नावाचं यंत्र लहानपणापासून पाहत वाढलेला मुलगा आहे तो. मी त्याला अडवू शकलो असतो, पण तुमच्या बाजूने सांगण्यासारखं एकही कारण माझ्याकडे उरलं नव्हतं. केरीच्या माळ्यावरून तो जुना कन्सोल खाली आणला होता, तोही त्यानेच.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे दावा लावण्याची मुभा या कायद्याने दिलेली आहे, त्यामुळे मला मुंबई गाठावी लागणार नाही. ती वेळ येऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे. मला तुमच्याशी भांडायचं नाही, तुमचा कन्सोल वापरायचा आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक ग्राहक
डिचोली, गोवा

सोबत: खरेदीच्या बिलाची व वॉरंटी कार्डाची प्रत, कुरिअरची पावती, दुरुस्ती नाकारल्याचा ईमेल, एचडीएमआय पोर्टचे फोटो.