वरच्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही पावसाचा नाहीतर पाण्याच्या टाकीचा विषय काढता. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. चारजणांनी वाचलं की तुम्हाला विषय बदलता येणार नाही. शिवाय माझ्यासारखे मुद्रितशोधक, डीटीपी करणारे, जुने लेख टाइप करून घेणारे पुष्कळ जण आहेत आणि आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी (टर्मिनल) फक्त इंजिनिअरांसाठी असते अशी त्यांची खात्री आहे. त्यांच्याही कानावर हे जावं.

मी आले होते एका साध्या अडचणीसाठी. एका लेखकाच्या सदरांचं संकलन तपासायला हातात होतं. हजाराच्या वर फायली, प्रत्येकीचं नाव वेगळ्या तऱ्हेचं आणि टाइप करणारे हात निदान तीन. एक शब्द सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहिला आहे ना, हे बघायला प्रत्येक फाइल उघडायची, शोधायचं, बंद करायची. सगळ्यांत एकदम शोधता येईल का, इतकंच मी विचारलं. दुसरं कुणी असतं तर एक ओळ टाइप करून देऊन निघून गेलं असतं. तुम्ही खुर्ची ओढलीत, हात पाठीमागे बांधलेत आणि म्हणालात, "टाइप कर. मी कीबोर्डला हात लावणार नाही." शेवटपर्यंत लावला नाहीत. माझं बोट चुकीच्या कळीकडे जाताना दिसत असूनही गप्प बसणं तुम्हाला किती जड गेलं असेल, हे मला आता कळतं, कारण आता मी भाचीला शिकवते आहे.

पहिल्या दिवशी आज्ञा फार नव्हत्याच. आपण कुठे उभे आहोत ते सांगणारी पीडब्ल्यूडी (रस्त्यांचं खातं नव्हे, हे तुम्ही मुद्दाम बजावलंत), इथे काय काय आहे ते दाखवणारी एलएस, दुसऱ्या फोल्डरमध्ये नेणारी सीडी. इतकी आखूड नावं का, तर हे सगळं ज्या काळात घडलं तेव्हा समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होता. तो सेकंदाला दहा अक्षरं कागदावर खडखडत उमटवायचा, त्यामुळे अक्षर वाचवणं म्हणजे वेळ वाचवणं. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसननं १९७१ मध्ये युनिक्स या संगणक प्रणालीचा पहिला शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, लिहिला, १९७९ मध्ये स्टीफन बोर्नचा शेल सगळीकडे गेला आणि माझ्या लॅपटॉपवरचा बॅश हा ब्रायन फॉक्सनं १९८९ मध्ये आणलेला त्याचाच वारस. ही वंशावळ तुम्ही भराभर सांगितलीत. मला त्यातली सेकंदाला दहा अक्षरं तेवढी पक्की लक्षात राहिली.

खरं शिकवलंत ते पुढे. टर्मिनल म्हणजे नुसती खिडकी, शेल म्हणजे तिच्या आत बसून वाचणारा, हा फरक तुम्ही आधी स्पष्ट केलात. मग शेल ओळ कशी वाचतो ते कागदावर लिहायला लावलंत. मोकळ्या जागा दिसल्या की तो तिथे तुकडे पाडतो. तारा (*) दिसला तर फोल्डरमध्ये डोकावून जुळणारी सगळी नावं स्वतः तिथे भरतो. मग पहिला तुकडा हे कार्यक्रमाचं (प्रोग्रामचं) नाव समजून तो शोधतो, चालवतो आणि संपेपर्यंत थांबतो. म्हणजे ग्रेपला, फायलींत शब्द शोधणाऱ्या आज्ञेला, तारा दिसतच नाही, त्याच्या हातात पडते ती तयार यादी. एवढं कळल्यावर पुढचं निम्मं आपोआप उलगडलं. 'दिवाळी लेख' नावाची फाइल अवतरणचिन्हांशिवाय का सापडत नाही, ते कळलं. पुसून टाकणाऱ्या आरएमनंतर 'लेख' आणि तारा जोडून लिहिला तर 'लेख'पासून सुरू होणाऱ्या फायली जातात, पण मध्ये एक मोकळी जागा पडली तर फोल्डरमधल्या सगळ्याच फायली जातात, तेही कळलं. आणि तिथे कचरापेटी नसते, गेलं ते गेलं.

म्हणून तुमचा नियम: आरएम लिहायच्या आधी त्याच ओळीच्या सुरुवातीला इको लावायचं. शेल तारा भरून पूर्ण ओळ नुसती दाखवतो, पुसत काही नाही. वाचायची, पटली तर इको काढून पुन्हा चालवायची. फाइल हलवणारी एमव्ही आणि नक्कल करणारी सीपी त्याच नावाची जुनी फाइल न विचारता झाकून टाकतात, म्हणून त्यांना 'आय' हा पर्याय जोडायचा, म्हणजे ते आधी विचारतात. तुम्ही हे एखाद्या भीतीच्या गोष्टीसारखं सांगितलं नाहीत. छपाईला जाण्याआधी प्रूफ वाचतेस ना, तसं, एवढंच म्हणालात. मला आणखी समजावण्याची गरजच उरली नाही.

चूक सांगणारा संदेश आला की लोक तो बघतात, वाचत नाहीत. तुम्ही दरवेळी मोठ्यानं वाचायला लावलंत. कोण बोलतंय, शेल की ग्रेप? कुठल्या फायलीबद्दल? काय नाही म्हणतोय, फाइल नाही की परवानगी नाही? आणि काहीच बोलला नाही तर? "तर काम झालं," तुमचं उत्तर. काम झाल्यावरही शाबासकी न देणारा हा स्वभाव मला सुरुवातीला जरा उद्धट वाटायचा. आता इतर कार्यक्रमांची 'यशस्वीरीत्या पूर्ण झाले' वाली चौकट उद्धट वाटते.

पाइपचा दिवस मात्र सणासारखा गेला. बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉयच्या डोक्यात ही कल्पना १९६४ पासून होती, थॉम्पसननं ती १९७३ मध्ये युनिक्समध्ये उतरवली. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी द्यायचं, बस. आपण सगळे लेख एकत्र ओतले, मोकळ्या जागांच्या ठिकाणी ओळी तोडल्या, सॉर्ट लावला, युनिक्‌नं मोजले, पुन्हा सॉर्टनं उतरत्या क्रमानं मांडले. युनिक् फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळी एकत्र करतो, म्हणून आधी सॉर्ट हवाच, हे मला तुम्ही सांगितलं नाहीत. चुकीचे आकडे समोर आणून ठेवलेत आणि वाट बघत बसलात. मग यादी आली. सगळ्यात वर 'आणि', आणि खाली कुठेतरी मोजून मापून 'आणी'. आयुष्यभर डोळे फोडून ज्या गोष्टी टिपल्या, त्या रांगेत उभ्या होत्या.

आणि मग 'दुसऱ्या'. यासाठीच हे पत्र लिहायचं होतं खरं तर. ग्रेपला 'दुसऱ्या' शोधायला सांगितलं, काही फायली सापडल्या, काही नाहीत. न सापडलेली एक उघडली, तर शब्द डोळ्यांसमोर, हुबेहूब तसाच. मी म्हटलं, तुमचा ग्रेप आंधळा आहे. तुम्ही म्हणालात, दोन्ही शब्दांचे बाइट मोज. मोजणी करणाऱ्या डब्ल्यूसीनं एकाचे २१ सांगितले, दुसऱ्याचे २४. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, म्हणजे दुसऱ्या शब्दात एक चिन्ह जास्त, जे दिसत नाही. एका टाइप करणाऱ्यानं स्वतंत्र 'ऱ'चा पाय मोडला होता, दुसऱ्यानं साध्या 'र'चा पाय मोडून त्यामागे शून्य रुंदीचा जोडक घातला होता. पडद्यावर दोन्ही सारखेच, कागदावरही सारखेच. शोध, सूची, शब्दकोश यांच्यासाठी मात्र दोन वेगळे शब्द. माझ्या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या कुणाच्याही तोंडून मी हे ऐकलं नव्हतं, आणि डोळ्यांनी ते कधी दिसणारही नव्हतं. त्या संध्याकाळी तुम्ही जाता जाता सांगितलंत की ग्रेप लिहिणाऱ्या त्याच थॉम्पसननं १९९२ च्या सप्टेंबरमध्ये सहकारी रॉब पाइकबरोबर न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर यूटीएफ-८ची मांडणी केली. मला त्या कागदाचं प्रूफ वाचायला आवडलं असतं.

दुरुस्ती शोधून बदलणाऱ्या सेडनं केली, पण तुम्ही सांगितलेल्या शिस्तीत. उत्तर कधीही त्याच फायलीत वळवायचं नाही, कारण बाणाचं चिन्ह (>) दिसलं की शेल आधी ती फाइल रिकामी करतो आणि मग सेडला हाक मारतो. वाचायला काही उरलेलंच नसतं. म्हणून नवीन फाइल, मग डिफनं जुनी-नवी शेजारी लावून फरक वाचायचा, मग जुनी हलवायची. डिफबद्दल वेगळं पत्र लिहीन. हे यंत्र मुद्रितशोधकासाठी बनवलेलं नाही यावर माझा अजून विश्वास नाही.

संकलन छापायला गेलं. ऋणनिर्देशात तुमचं नाव घालायला प्रकाशक तयार होते, तुम्ही नको म्हणालात. इथेही म्हणूनच लिहिलेलं नाही.

आता शब्दसूची करायची आहे आणि सॉर्ट 'ळ'चे शब्द 'ल'च्या लगेच मागे आणून ठेवतो, कारण युनिकोडच्या (संगणकातल्या अक्षरक्रमांकांच्या) तक्त्यात तो तिथे आहे. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. लोकेल नावाचं काहीतरी बदलून बघावं लागेल असं तुम्ही जिन्यात म्हणाला होतात. मॅनचं (आज्ञांची माहिती देणारं) पान वाचून ठेवलं आहे, दोन जागी खुणा केल्या आहेत. रविवारी सवड असेल तर खाली या.

आपली,
खालच्या मजल्यावरची मुद्रितशोधक