आधी झेल, मग नेट

महोदय,
आपल्या खान्देशातल्या उन्हाळी क्रिकेट शिबिरांत नेटवर, म्हणजे जाळीतल्या फलंदाजी-गोलंदाजीच्या सरावाला, दोन तास आणि झेलांना उरलीसुरली दहा मिनिटं, असा हिशेब असतो. तो उलटा करावा. लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी फौजेची नोकरी सांभाळून 21 कसोट्या खेळले. 1952 साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी गुलाम अहमदसोबत शेवटच्या विकेटला 109 धावा जोडल्या, स्वतः नाबाद 81. तो भारतीय विक्रम 2004 पर्यंत टिकला. पण त्यांचा खरा दरारा कव्हरला, म्हणजे ऑफ साइडच्या त्या जागी क्षेत्ररक्षण करताना. 1971 च्या इंग्लंड दौऱ्यात ते भारतीय संघाचे मॅनेजर होते आणि त्याच संघाच्या एकनाथ सोलकरने ओव्हलवर इंग्लंडच्या अ‍ॅलन नॉटचा झेल जमिनीलगत झेपावून घेतला!

आपलं मैदान काळ्या मातीचं. मे महिन्यात ते भेगाळतं, चेंडू भेगेच्या कडेला लागून तोंडावर उसळतो, मग पोरं मान फिरवतात आणि ती खोड पुढे सुटत नाही. आदल्या संध्याकाळी भेगांत बारीक मुरूम भरून पाणी मारा, ओल मुरल्यावरच रोलर फिरवा. चिखलावर फिरवला तर माती रोलरलाच चिकटून येते. सकाळी सातपूर्वी प्रत्येकी 30 झेल. गुडघे वाकवून, टाचा किंचित उचलून.

– एक वाचक, अमळनेर