ताईच्या लग्नाला या

प्रिय आई आणि बाबा,
ख्रिस्तात सलाम.

परवा ताईचा फोन आला. रडत नव्हती, म्हणूनच मला जास्त लागलं. म्हणाली, "बाबा माझ्या दुसऱ्या लग्नाला येणार नाहीत. आई म्हणते, देवान जोडलला माणसान तोडूचा नाय." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण तिला अशी वचनं पहिल्यांदा ऐकवणारा मीच होतो.

तिचा नवरा घर सोडून गेला तो पावसाळा आठवतो ना? वेंगुर्ल्याच्या आपल्या पडवीत ती आठळ्या सोलत बसली होती आणि मी तिला बायबलातल्या मलाखी संदेष्ट्याचा दुसरा अध्याय वाचून दाखवला: देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा तिटकारा आहे. ती काही बोलली नाही. तोच अध्याय या महिन्यात मी पुन्हा सावकाश वाचला. संदेष्टा तिथे पुरुषांना बोलतोय. तारुण्यातल्या पत्नीशी तू बेइमानी केलीस आणि परमेश्वर त्याला साक्षी आहे, असं तो त्यांना सुनावतो. मी ते बोल जिच्याशी बेइमानी झाली तिलाच सुनावले. त्याबद्दल मी ताईची क्षमा मागितली आहे. आता तुमच्याशी बोलायचं आहे.

बाबा, तुम्ही मत्तयच्या शुभवर्तमानाचा 19 वा अध्याय दाखवता, आईचं वचनही तिथलंच. तिथे परूशी, म्हणजे नियमशास्त्र कडक पाळणारे यहुदी, काय विचारतात? कोणत्याही कारणावरून बायको टाकणं योग्य आहे का? त्यांच्यात हा जुना वाद होता. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायातल्या सूटपत्राच्या नियमावरून शम्माय या गुरूच्या पंथाचे लोक म्हणत, फक्त बदफैलीसाठीच. हिल्लेल या दुसऱ्या गुरूच्या पंथाचे म्हणत, बायकोने जेवण बिघडवलं तरी पुरे. येशूने त्यांना थेट उत्पत्तीकडे नेलं, ती दोघं एकदेह होतील या शब्दांकडे. मोशेने मोकळीक दिली ती तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे, असं त्याने सांगितलं. हे सगळं तो बायको टाकणाऱ्यांना सांगत होता. आपल्याकडे नवऱ्याने सोडलेल्या बाईला आजही 'टाकलेली' म्हणतात. पवित्र शास्त्रातही तोच शब्द आहे, टाकणे. पण दोष कोणाला लावलाय ते बघा. जो टाकतो त्याला. ताईने कोणाला टाकलं?

तुम्ही लगेच मत्तय 5:32 काढाल, मला माहीत आहे. टाकलेलीशी जो लग्न करतो तो व्यभिचार करतो. हे वचन मी टाळत नाही, बाबा. मला ते जड गेलं, आजही जातं. पण त्याच वचनात, आणि पुन्हा 19:9 मध्ये, जारकर्माचा अपवाद प्रभूने स्वतः ठेवला आहे. आणि ताईच्या नवऱ्याने दुसरीबरोबर संसार थाटलाय हे तुम्हीच रत्नागिरीला जाऊन डोळ्यांनी पाहून आलात. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 7 व्या अध्यायात म्हणतो, विश्वास न ठेवणारा वेगळा झाला तर होऊ द्यावा, अशा वेळी बहीण बांधलेली नाही. तुम्ही म्हणाल, जावई तर बाप्तिस्मा घेतलेला. खरं आहे. पण पाळक साहेब दोनदा भेटून आले, मंडळीने पत्र पाठवलं, तो एकदाही वळला नाही. अशा माणसाला मंडळीने परजातीय आणि जकातदारासारखं, म्हणजे बाहेरच्यासारखं समजावं, हे मत्तय 18:17 मध्ये आहेच.

तुम्ही कॅथलिक शेजाऱ्यांचा दाखला देता. त्यांच्यात पहिलं लग्न मुळातच वैध नव्हतं असं धर्मप्रांताच्या न्यायासनाने ठरवल्याशिवाय आणि पहिला जोडीदार हयात असताना चर्चमध्ये दुसरं लग्न लागत नाही. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण आपल्या मंडळीचं रोप अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी लावलं, आणि त्यांचा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे त्यांच्या श्रद्धेची लेखी मांडणी, 1646 चा आहे. त्याच्या चोविसाव्या प्रकरणात म्हटलं आहे की व्यभिचार झाला असेल, किंवा कशानेही सांधता येणार नाही असं जाणूनबुजून सोडून जाणं असेल, तर निर्दोष जोडीदार घटस्फोट घेऊ शकतो. व्यभिचाराच्या बाबतीत तर पुढचे शब्द आहेत, घटस्फोटानंतर, दोषी जणू मेलाच आहे असं समजून, निर्दोषाला पुन्हा लग्न करता येतं. बाबा, तुम्ही मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर आहात. हे तुम्ही माझ्याआधी वाचलेलं असणार.

आई, तुला मावशी आठवते ना. नवरा तिला सोडून गेला तेव्हा ती तिशीतही नव्हती. तेव्हाच्या 1869 च्या कायद्यात घटस्फोटासाठी ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच सिद्ध करावं लागे, आणि बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षं सोडून जाणं असं आणखी काहीतरीही सहसा सिद्ध करावं लागे. 2001 साली हे बदललं, पण तोवर मावशी म्हातारी झाली होती. भावाच्या घरी मागच्या खोलीत राहिली, लोकांच्या पोरांची बारशी केली, उपासनेत शेवटच्या बाकावर बसली. तिला तिथे कोणी बसवलं नव्हतं. तिची तीच जाऊन बसायची. ताईला तिथे बसलेली मला बघवणार नाही.

तू कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण देतेस. रेव्हरंड टिळक आपल्याच कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यामुळे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या आणि मग परत आल्या. हो आई, आल्या. पण टिळकांनी त्यांची वाट पाहिली, दुसरा संसार मांडला नाही. ताईनेही सहा वर्षं वाट पाहिली. दर नाताळाला तिने त्याला कार्ड पाठवलं, तुझ्याच हातून पोस्टात टाकलं. उत्तर आलं ते वकिलाचं.

ज्यांच्याशी तिचं ठरलंय ते विधुर आहेत, दोन मुलींचे वडील. धाकटी ताईला विचारत होती, "तुम्हाला माशाचं सार येतं का?" ताईने तिला तुझ्या हाताच्या तिरफळ घातलेल्या बांगड्यांबद्दल सांगितलंय.

बाबा, तिने तुम्हाला वचन वाचायला सांगितलेलं नाही. कोणतं वाचायचं हा प्रश्नच नको. तुम्ही फक्त तिला हात धरून आत न्या. आई, तुझी अबोली रंगाची साडी तिला हवी आहे, येताना आण.

सावंतवाडी रोडवरून तुतारी एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली आहेत, दोन्ही खालचे बर्थ. दादरला पहाटे मी उभा असेन.

तुमचा,
बाबू